बी कोणाचं? फलन, पेरणी आणि खत यांच्यातला घोळ

दहावीच्या एका पोराने गृहपाठात लिहिलं होतं, "शुक्राणू अंड्याला खत देतो." वर्गात वाचून दाखवलं असतं तर हशा पिकला असता, म्हणून त्याला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलावलं. त्याने इंग्रजी धडा मोबाइलवर मराठीत करून घेतला होता आणि यंत्राने ‘फर्टिलायझेशन’चं सरळ ‘खत देणं’ करून टाकलं होतं. पोराचा दोष नाही. इंग्रजीने एकच बैल दोन औतांना जुंपलाय. वावरात युरिया टाकणं हेही फर्टिलायझेशन, आणि नर पेशी व मादी पेशी एक होणं हेही फर्टिलायझेशन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘धारण करणारं, पिकणारं’ असा काहीसा आहे, त्यामुळे तिकडे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात.

आपल्याकडे शब्द वेगळे आहेत. पहिल्यासाठी खत देणं, दुसऱ्यासाठी शाळेच्या पुस्तकात ‘फलन’ आणि गोठ्यात ‘फळणं’. गाय फळवायला नेली असं आपण म्हणतोच. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही. शब्द वेगळे असूनही आपल्या मनातला घोळ तोच आहे असं वाटत राहिलं. बाप म्हणजे बी, आई म्हणजे जमीन, आणि बी टाकलं की झालं: गावात निम्म्या लोकांना हे अजून खरं वाटतं. म्हणून फुलापासून सुरुवात करतो.

पोळ्याच्या आसपास सकाळी नऊ-दहाला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात जा. काल संध्याकाळपर्यंत पीळ घातल्यासारखी बंद असलेली कळी आता उघडलेली असेल, रंग दुधाळ पांढरा. त्याच झाडावर एखादं गुलाबी फूलही दिसेल. ते निराळ्या वाणाचं नाही, ते कालचं फूल आहे. अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधाळ असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लालसर होऊन सुकतं. गुलाबी फूल दिसलं की समजायचं, इथलं मुख्य काम एकतर झालंय किंवा हुकलंय.

ते काम असं. फुलाच्या मधोमध दांड्यासारखी नळी असते, तिच्यावर परागकोषांची, म्हणजे परागाच्या पिशव्यांची, पिवळसर दाटी, आणि वर डोकावणारी कुक्षी, म्हणजे फुलाच्या मादी भागाचं टोक. पराग कुक्षीला लागला की परागण झालं. कपाशीचा परागकण जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडून जात नाही. त्यामुळे बहुतेक वेळा त्याच फुलातला पराग त्याच फुलाच्या कुक्षीला लागतो, आणि थोडाफार मधमाश्या दुसरीकडून आणतात. पण परागण म्हणजे फलन नव्हे. वरात मांडवात आली म्हणून लग्न लागलं असं कोणी म्हणत नाही.

कुक्षीवर पडलेला परागकण रुजतो. त्यातून केसाहून बारीक नलिका निघते, कुक्षीखालच्या देठातून (कुक्षीवृंतातून) वाट काढत खाली अंडाशयात उतरते आणि तिथल्या एका बीजांडाशी पोचते. बीजांडाचंच पुढे बी होतं, आणि अंडपेशी त्याच्याच आत असते. या नलिकेतून दोन नर पेशी चाललेल्या असतात. फूल उमलल्यापासून हे व्हायला साधारण 12 ते 30 तास लागतात. म्हणून तर फूल गुलाबी होईतो आत निकाल लागलेला असतो. नर पेशी अंडपेशीत मिसळते ती घटका म्हणजे फलन. अमेरिकन कपाशीच्या साध्या पेशीत 52 गुणसूत्रं, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणारे धागे, असतात. नर पेशी 26 घेऊन येते आणि अंडपेशीकडे स्वतःची 26 असतात. दोघींची बेरीज झाली की पुन्हा 52. अर्ध्यात अर्धं मिळून पूर्ण होणं, एवढाच फलनाचा अर्थ आहे. यात कोणी कोणाला काही खाऊ घालत नाही.

एका बोंडात चार-पाच कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात सहा ते नऊ बिया. प्रत्येक बीजांडाला आपली वेगळी परागनलिका लागते. म्हणजे एक बोंड नीट भरायचं तर तीसेक नलिका मुक्कामाला पोचल्या पाहिजेत. ज्या बीजांडापर्यंत कोणी पोचलं नाही ते खुरटून जातं. एका बाजूचीच बीजांडं राहिली तर बोंड वाकडं होतं, आणि फारच थोड्यांचं फलन झालं असेल तर झाड ते बोंड बारकं असतानाच गाळून टाकतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. सरकीवरचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी असते, बियाच्या सालीवरची एक पेशी इंच-सव्वा इंच लांब ताणलेली. ती ताणायला सुरुवात होते फूल उमलतं त्याच दिवशी. आणि बियाची साल ही मातृझाडाच्या अंगाचा भाग, नर पेशीचा तिच्यात वाटा नाही. मंडीत जिच्या भावावर आपलं वर्ष ठरतं ती रुई सगळी आईची.

आता जेवणाच्या ताटाकडे येऊ. परागनलिकेतून दोन नर पेशी येतात असं म्हटलं. एक अंडपेशीला मिळाली, दुसरीचं काय? हे कोडं 1898 मध्ये सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने लिलीच्या फुलांवर काम करताना उलगडलं. दुसरी नर पेशी वाया जात नाही. बीजांडाच्या मधोमध आईचीच दोन केंद्रकं थांबलेली असतात, ती त्यांना जाऊन मिळते. त्यातून बाळाची शिदोरी तयार होते. पुस्तकात तिला भ्रूणपोष म्हणतात आणि या दुहेरी घटनेला द्विफलन. या शिदोरीत आईचे दोन वाटे असतात आणि बापाचा एक.

ज्वारीचा दाणा दळून आपण भाकर करतो, त्या पिठाचा फार मोठा हिस्सा हा भ्रूणपोष असतो. दाण्याच्या टोकाशी जो डोळा दिसतो तो खरा भ्रूण. म्हणजे भाकर ही दुसऱ्या फलनाची कमाई. तुरीचं मात्र उलट. तिथे वाढता भ्रूण आपली शिदोरी शेंगेतच खाऊन संपवतो आणि आपल्या दोन जाड पानांत साठवून ठेवतो. ती दोन पानं म्हणजे डाळीच्या दोन फाकी. म्हणून वरण ही पहिल्या फलनाची कमाई, आणि त्यात आईबापाचा वाटा अर्धा-अर्धा. वर्गात मी हे ताट मांडून शिकवतो. मग द्विफलन कोणाला पाठ करावं लागत नाही.

निसर्ग कधी कधी फलनाला बगल देतो, तेही आपल्याच भागात पाहायला मिळतं. संत्र्याची कलम ज्या जंबेरीच्या, म्हणजे एका जातीच्या लिंबाच्या, खुंटावर बांधतात, ती जंबेरी बियांपासून लावतात. तिच्या एका बीतून कधी दोन, कधी तीन रोपं उगवतात. त्यांतलं एखादं फलनातून आलेलं असू शकतं. बाकीची बीजांडातल्या आईच्याच पेशींपासून, बापाविना तयार झालेली असतात आणि गुणाने हुबेहूब आईसारखी असतात. रोपवाटिकेत खुंट एकसारखे मिळतात ते यामुळेच. वेगळं दिसणारं, खुरटं किंवा भलतंच जोमदार रोप जाणकार माळी उपटून फेकतो.

आणि माणसाच्या हाताने होणारं फलनही आपल्याला नवं नाही. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये ‘क्रॉसिंग’ला जाणाऱ्या बाया दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरतात, तिच्यातले परागकोष नखाने काढून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल तिच्या कुक्षीवर घासतात. सुरतेला सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये एच-4 हा कपाशीचा जगातला पहिला व्यापारी संकरित वाण दिला, तो अशाच हातांच्या भरवशावर. त्या प्लॉटमध्ये ओळींना नावंच असतात, नर ओळ आणि मादी ओळ. बी मादी ओळीच्या बोंडातून निघतं आणि पाकिटात भरलं जातं ते दोघांचं.

इथे थोडं थांबून बी म्हणजे काय ते नीट पाहू, सगळा घोळ इथेच सुरू होतो. सरकीचा दाणा हातात घ्या. आत भ्रूण आहे, म्हणजे बाळ. त्याची आई ठरलेली, बाप ठरलेला, फलन मागच्या हंगामात कुठल्या तरी वावरात होऊन गेलेलं. आपण जूनमध्ये मातीत टाकतो तो हा तयार जीव. पेरणीत फलन होत नाही. माती त्या बाळाची आई नाही, तिचा त्याच्या गुणसूत्रांत कणाचाही वाटा नाही. ती दाई आहे. ऊब, ओल आणि अन्न पुरवते.

आणि खत म्हणजे त्या दाईच्या हातात दिलेला शिधा. झाडाला लागणाऱ्या द्रव्यांत सगळ्यात जास्त ओढ नत्राची, म्हणजे नायट्रोजनची. हवेचा 78 टक्के भाग नत्रच आहे, पण त्याच्या अणूंची जोडी इतकी घट्ट असते की झाडाला ती फोडता येत नाही. काही जिवाणूंना येते. सोयाबीनचं झाड दीड महिन्याचं झाल्यावर हळूच उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर जिवाणू कामावर आहेत. पांढरट किंवा मातकट निघाली तर नाहीत. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांच्या खटपटीने 1913 मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. आपलं युरियाचं पोतं त्याच वाटेने येतं. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20.7 किलो. तोच युरिया कोरड्या, तापलेल्या काळ्या मातीवर उघडा फेकून ठेवला तर त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन हवेत परत जातं. म्हणून तो ओलीवर द्यावा आणि डवऱ्याने मातीआड करावा. पैसे देऊन आणलेलं नत्र उडून जाताना डोळ्यांना दिसत नाही, एवढाच त्याचा फसवेपणा.

शेणखताचं गणित निराळं. त्यात नत्र थोडं असतं, पण ते मातीतल्या जिवांना पोसतं आणि ओल धरून ठेवायला मदत करतं. शेण पुरत नाही ही आपल्याकडची जुनी अडचण. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तिच्यावर काढलेली युक्ती देशभर पोचली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला ‘नाडेप’ म्हणतात. विटांचं जाळीदार टाकं, 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. त्यात काडीकचरा आणि माती थरावर थर द्यायची, शेण मात्र अगदी थोडं, कालवून शिंपडण्यापुरतं. भिंतींच्या भोकांतून हवा खेळते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाची ही देणगी आहे, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पोरांना हे नाव ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं.

"मास्तर, पऱ्हाटीचे फुलं गयून रायले. युरियाचं एक पोतं फेकून देऊ का?" दर ऑगस्ट-सप्टेंबरात हा प्रश्न मला वाटेत कोणी ना कोणी विचारतं. मी उलट विचारतो, मागचे आठ दिवस आभाळ कसं होतं? सकाळी पाऊस होता का? कपाशीच्या परागकणाला पाणी लागलं की तो फुगून फुटतो. ज्या दिवशी फूल उमलतानाच सर आली त्या दिवशीच्या फुलांची पुष्कळशी फळधारणा तिथेच हुकते. आभाळ भरून राहिलं तर पानांत अन्न कमी बनतं आणि झाड आपल्या आवाक्याबाहेरची पोरं गाळतं. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं गुदमरतात, तेव्हाही तेच. पात्या (कळ्या) आणि फुलांची गळ कपाशीत एरवीही मोठी असते. चांगलं झाडसुद्धा धरलेल्या सगळ्या पात्यांची बोंडं करत नाही.

यांतल्या कुठल्याच कारणावर युरिया औषध नाही. खालची पानं पिवळी पडलेलं, उपाशी झाड असेल तर त्याला नत्र द्यावंच. पण हिरवंगार झाड आणखी खाऊ घातलं की माजतं. फांद्या-पानं सुटतात, आत ऊन पोचत नाही, रस शोषणाऱ्या किडी वाढतात आणि फळ मागे राहतं. खत पोसतं. फुलातली ती भेट ते घडवून आणू शकत नाही. तुरीवर धुवारी (धुकं) आल्यावर फूल गळतं तेव्हाही लोक खताच्या दुकानात जातात, आणि तिथेही उत्तर पोत्यात नसतं.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. बोरॉन नावाचं सूक्ष्मद्रव्य परागनलिका नीट वाढायला लागतं. ते कमी पडलं तर पराग कुक्षीवर पोचूनही नलिका खाली उतरत नाही. खत आणि फलन यांची वाट इथे खरोखर एकमेकांना छेदते. पण बोरॉन पुरेसं आणि जास्त यांत अंतर फार थोडं आहे, आणि जास्त झालं की ते झाडाला बाधतं. माती तपासून, सांगितलेल्या मापातच द्यायची ही गोष्ट आहे. मधमाश्यांसाठी मात्र तपासणी लागत नाही. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारायचंच असेल तर फुलं उमललेली असताना सकाळी फवारू नये, संध्याकाळी उरकावं. तुरीला तर माश्यांची ये-जा चांगलीच मानवते.

नत्राची दुसरी ओळख गोठ्यात होते. गाय माजावर आली की पशुवैद्यक एका डब्यातून बारीक नळी काढतात. डब्यातून धूर निघतो तो द्रवरूप नत्राचा, उणे 196 अंशांवर. युरियातलं नत्र तेच आणि हेही तेच. इथे ते कोणाला खाऊ घालत नाही, फक्त वळूच्या शुक्रपेशी वर्षानुवर्षं थिजवून जिवंत ठेवतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम आपल्याकडच्या कित्येक बायांना तोंडपाठ आहे. गाईचं अंडं माज ओसरल्यावर काही तासांनी सुटतं आणि थोडाच वेळ टिकतं, म्हणून ही वेळ साधायची. गाईची 30 आणि वळूची 30 गुणसूत्रं मिळून वासराची 60 होतात. वळू नावाजलेला असला तरी वासरात गाईचा अर्धा वाटा येतोच, आणि दूध कमी निघालं तर दोष कोणा एकाचा नसतो. हे गोठ्यात सगळ्यांना पटतं.

घरात पटत नाही. जुन्या धर्मशास्त्रांनी बाईला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलं. युरोपातही याहून शहाणपण नव्हतं. लेवेनहुक यांनी 1677 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले, आणि 1694 मध्ये हार्टसूकर यांनी शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूस चित्रात रेखाटून दाखवला. सस्तन प्राण्याचं अंडं मात्र कार्ल फॉन बेअर यांना 1827 मध्ये दिसलं. मधली दीडशे वर्षं बापाचा वाटा डोळ्यांसमोर होता आणि आईचा वाटा कोणी पाहिलेलाच नव्हता. दोन्ही केंद्रकं एक होतात हे 1876 मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी समुद्री साळिंदराच्या अंड्यात पाहिलं, तेव्हा ‘बाई म्हणजे जमीन’ या कल्पनेचा पाया गेला. माणसात आईची 23 गुणसूत्रं आणि बापाची 23. बाळ पोटात वाढायच्या आधी आईने आपला अर्धा वाटा अंडवाहिनीतच दिलेला असतो. नंतरचे नऊ महिने ती जे पोसते ते त्याच्यावरचं. मुलगा की मुलगी हेही त्याच भेटीत ठरतं, आणि ठरतं ते शुक्राणूने आणलेल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून. तरी मुलगी झाली की बोलणी आईला.

माझी मोठी आत्या लग्नानंतर 7 वर्षांनी माहेरी परत आली. "जमीनच खडकाळ निघाली," असं तिच्या सासरी उघड म्हणत, आणि आमच्या घरातही कोणी ते खोडून काढत नसे. आज एवढं तरी नक्की माहीत आहे की मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर. त्यासाठीची पहिली तपासणी वीर्याची. ती सुईविना, चिरफाड न करता होते, बाईच्या बहुतेक तपासण्यांपेक्षा सोपी आणि स्वस्त असते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे एका नमुन्यात दोष दिसला तर तेवढ्यावर निकाल न लावता काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तपासणी दोघांची एकदमच सुरू करायची असते.

आत्याच्या लोखंडी पेटीत एक प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात त्या सात वर्षांतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे फोटो, औषधांच्या पावत्या घडी घालून ठेवल्यात. मी त्या तारखेप्रमाणे लावून पाहिल्या. तिच्या नवऱ्याच्या नावाचा एकही कागद त्यात नाही.